हाडाची खिडकी

एदुलिया मान्सिया, वय सव्वीस,
पोर्वेनीरच्या फेरीबोटीवर दुय्यम तांडेल,
खुर्चीत टेकण्याआधीच म्हणाली,
"डॉक्टर, तांबडा बोया तांबडा राहिला नाही."

मी शाईच्या बाटलीचं लाल झाकण समोर धरलं.
उजव्या डोळ्याने पाहिलं, म्हणाली, रक्त.
डाव्याने पाहिलं. थांबली. म्हणाली, गंज.

डोळा फिरवला की मागे ठणका.
तरुण बाई, एकच डोळा, ठणका, उडालेला रंग:
इतकं पाठ होतं मला हे पान
की उलटायचंच राहिलं.

नेत्रनाडीचा दाह, मी लिहिलं.
तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड,
चौथ्या दिवशी तांबडं परतलं.
ती हसली. मी तिच्याहून जास्त.
औषधाला गुण आला म्हणजे निदान खरं
असं कुठे लिहिलेलं नाही,
पण वाचतो आपण तसंच.

मे महिन्यात पुन्हा.
ऑगस्टात पुन्हा.
रक्तात ज्यांना ज्यांना संशयावरून धरलं
ते सगळे निर्दोष सुटले.
पाठीच्या कण्यातलं पाणी निर्मळ,
मेंदूत एक पांढरा ठिपका नाही.
मी मात्रा वाढवली.
तिचा चेहरा सुजून गोल झाला,
ओळखपत्रावरची ही मुलगी कोण,
बंदरावरचा शिपाई तिलाच विचारू लागला.

वाऱ्याच्या दिवसांत आमच्या पुंता आरेनासला
रस्त्याच्या कडेने दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
मी धरला होता एक शब्द,
आणि चाललो होतो.

तळघरात यास्ना बुकासोविच बसते,
रेडिओलॉजीवाली, हातात सदा मातेचं भोपळ्याचं भांडं.
तिने पहिल्याच रात्रीचा सीटी स्कॅन पुन्हा लावला.
"तू नाडीच बघत बसलास. भिंत बघितलीस?"
आणि एक कळ दाबली.
चित्र तेच, खिडकी दुसरी:
मऊ ते सगळं बुडालं,
कठीण तेवढं वर आलं.

कवटीच्या तळाशी जतुकास्थी,
वटवाघळाचं नाव लावणारं हाड,
पंख पसरून जन्मभर अंधारात.
उजवा पंख वहीच्या पुठ्ठ्यासारखा.
डावा फुगलेला,
आत ना जाळी ना पोकळी,
नुसती दुधी काच,
न्हाणीघराला असते तशी:
उजेड कळतो, माणूस कळत नाही.
त्यातूनच जातो नाडीचा बोगदा.
त्यात आता
सुई शिरली असती, फार तर.

चोर सोडून संन्याशाला सुळी, म्हणतात.
मी त्या संन्याशाला तीनदा औषधही पाजलं.
आणि तरी, खोटं कुणी बोललं नव्हतं.
स्टेरॉइडने सूज उतरली, ती खरीच होती,
चिमटलेल्या नाडीची.
रंग परतले, तेही खरेच.
हाड तेवढं गप्प राहून वाढत होतं,
कुणी विचारलंच नाही म्हणून.

तिला सांगितलं तेव्हा तिने
डाव्या कानशिलावर बोट ठेवलं, दारावर ठेवावं तसं.
"बाबा म्हणायचे, ही पोर हाडाची खलाशी,"
ती म्हणाली, आणि एकटीच हसली.

सान्तियागोला बोगद्याचं छप्पर काढलं,
नखाएवढं.
मला बशीतला तो तुकडा बघायचा होता.
बघायला कुणी बोलावलं नाही.

नोव्हेंबरात तिने मला बोटीवर नेलं.
आत येताना उजव्या हाताला तांबडा.
तिने उजवा डोळा तळव्याने झाकला.
वारा इतका की विचारायला ओरडावं लागलं.
"कसा दिसतो?"
ती बराच वेळ बघत राहिली.
"विटेसारखा," ती ओरडली, "पण ओल्या विटेसारखा!"
आणि सुकाणूकडे वळली.

तिची फाइल अजून माझ्या टेबलावर आहे.
दाह या शब्दावर मी काट मारलेली नाही.
शेजारी पेन्सिलने
तीन तारखा लिहिल्या आहेत फक्त,
आणि चौथीसाठी
जागा सोडलेली नाही.